अभ्यासवृत्ती व ग्रंथाश्रय : सातारा जिल्हा

ग्रंथसंग्रहाच्या आधारे संशोधन करणाऱ्याचा योगक्षेम चालवणे आणि त्यातून सिद्ध झालेला ग्रंथ छापून काढणे, अशी दुहेरी व्यवस्था. सातारा जिल्ह्यात तिची मुख्य केंद्रे वाई, औंध व सातारा ही होत.

अभ्यासवृत्तीचे मूळ ‘दक्षिणा’ या प्रथेत, म्हणजे विद्वान ब्राह्मणांना द्रव्य देण्याच्या रिवाजात, आहे काय, याविषयी मतभेद आहेत. काही लेखक या प्रथेचा आरंभ शिवकाळात मानतात. श्रावणातील वार्षिक वाटप तळेगावला सेनापती दाभाड्यांकडे सुरू झाले व १७३१ नंतर पेशव्यांनी ते पुण्यात चालवले, हे मत अधिक ग्राह्य वाटते. पर्वतीच्या रमण्यात होणाऱ्या या वाटपात विद्वत्तेइतकीच उपस्थितीही पुरत असे. इंग्रजी अमलात एल्फिन्स्टनने दक्षिणेसाठी सालीना ५०,००० रुपये चालू ठेवले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्यातील काही रक्कम मराठी ग्रंथांच्या बक्षिसांकडे वळली. पुढे महाविद्यालयांत ‘दक्षिणा फेलो’ नेमले गेले. नाव व निधी पाहता आधुनिक अभ्यासवृत्तीशी धागा इथे जुळतो. वाईची पद्धत मात्र या धाग्यातली नव्हे. तिचे नाते गुरुगृही राहून शिकण्याच्या परंपरेशी आहे.

वाईची प्राज्ञपाठशाळा नारायणशास्त्री मराठे (नंतरचे केवलानंद सरस्वती, १८७७–१९५५) यांनी उभारली. स्थापनेचे वर्ष बहुधा १९१६ देतात. पण अध्यापन त्याआधीपासून चालू असल्याने निरनिराळ्या तारखा आढळतात. विनोबा भावे १९१७ च्या सुमारास येथे वेदान्त शिकले. लक्ष्मणशास्त्री जोशी (१९०१–९४) विद्यार्थी म्हणून आले आणि धर्मकोशाचे, म्हणजे धर्मशास्त्रातील वचनांच्या विषयवार संग्रहाचे, संपादक झाले. इथे ‘वृत्ती’ म्हणजे ठरावीक रक्कम नव्हे, तर शिकता शिकता संस्थेच्याच कामात सामावून जाणे, हे एवढ्यावरून कळावे. केवलानंदांचा मीमांसाकोश (मीमांसा दर्शनाचा कोश) सात भागांत १९५२ ते १९६६ या काळात निघाला. म्हणजे त्याचे काही भाग कर्त्याच्या पश्चात आले.

धर्मकोशाचे व्यवहारकांड (कायदा व न्यायदानाचा विभाग) तीन भागांत १९३७ ते १९४१ मध्ये प्रसिद्ध झाले. ऋणादान (कर्ज), निक्षेप (ठेव), दायभाग (वारसा) अशा एकेका विषयावरची वचने वेद, सूत्रे, स्मृती अशा क्रमाने लावून तळाशी पाठभेद दिले आहेत. वचन कोणत्या टीकेत किंवा निबंधग्रंथात (स्मृतिवचनांच्या विषयवार संकलनात) उद्धृत आहे तेही संक्षेपाने नोंदवले आहे : ‘मिता.’ म्हणजे मिताक्षरा, ‘अप.’ म्हणजे अपरार्क, ‘स्मृच.’ म्हणजे स्मृतिचंद्रिका, ‘विर.’ म्हणजे विवादरत्नाकर. ही तळटीपच ग्रंथाचे खरे बळ. बृहस्पती व कात्यायन यांच्या व्यवहारविषयक स्मृती स्वतंत्र पोथीरूपाने मिळत नाहीत, निबंधकारांच्या उद्धरणांतच उरल्या आहेत. एकच श्लोक एका निबंधात बृहस्पतीच्या नावावर, तर दुसऱ्यात कात्यायनाच्या नावावर सापडतो. अशा वेळी वचने उतरवलेल्या चिठ्ठ्या नुसत्या कर्तृनामावर लावल्या, तर एक वचन दोनदा मोजले जाते. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक चिठ्ठीवर श्लोकाचा पहिला चरण लिहून प्रतीकानुक्रमाने, म्हणजे आरंभीच्या शब्दांच्या अकारविल्हे, दुसरी जुळणी करणे. तीही पुरेशी नसते, कारण पाठभेद पहिल्याच अक्षरात असला की त्याच श्लोकाच्या दोन चिठ्ठ्या अनुक्रमात दूर जाऊन पडतात.

पोथ्यांवर काम करणाऱ्याची पहिली चूक मोजणीत होते. सूचीत दिलेली संख्या पत्रांची, म्हणजे दोन्ही बाजूंनी लिहिलेल्या सुट्या पानांची, असते, पृष्ठांची नव्हे : ४० पत्रे म्हणजे ८० पृष्ठे. पत्रांक सहसा पत्राच्या एकाच बाजूला असतो, म्हणून संदर्भ ‘१२ अ’, ‘१२ ब’ असा द्यावा. रुमालाचा (पोथ्या बांधण्याच्या कापडी बासनाचा) क्रमांक पोथीचा समजू नये. एका रुमालात अनेक पोथ्या बांधतात आणि बांधणी बदलली की जुने टिपण निरुपयोगी ठरते. वाईसारख्या घाटपायथ्याच्या गावी पावसाळ्यात रुमाल ओलावा धरतो. पावसाळ्यानंतर पोथ्या सावलीत, वाऱ्यावर पसरून ठेवतात. उन्हात ठेवल्यास कागद ठिसूळ होतो. घाईने बांधल्यास बुरशी व कसर लागते.

औंधचा आश्रय संस्थानी होता. तेथील अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी पुण्याच्या भांडारकर संस्थेस महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी एक लाख रुपये देऊ केले. ते स्वतः चित्रकार असल्याने आवृत्ती सचित्र असावी, ही त्यांची इच्छा होती. काम १९१९ मध्ये सुरू होऊन १९६६ मध्ये संपले. एवढा काळ का लागला, ते पाठमेळाच्या (निरनिराळ्या पोथ्यांतील पाठ ताडण्याच्या) कागदावरून समजते : वरच्या ओळीत श्लोक, एका चौकटीत एक अक्षर, आणि खाली प्रत्येक पोथीतला फरक त्याच अक्षराच्या रांगेत. श्रीपाद दामोदर सातवळेकर यांचे वैदिक ग्रंथ प्रसिद्ध करणारे स्वाध्याय मंडळ औंधलाच १९१८ मध्ये स्थापन झाले व १९४८ मध्ये गुजरातेत पारडीला गेले.

साताऱ्याचे दत्तात्रय बळवंत पारसनीस (१८७०–१९२६) यांनी मराठ्यांच्या इतिहासाची कागदपत्रे जमवून ‘इतिहाससंग्रह’ मासिकातून ती प्रसिद्ध केली. त्यांचा संग्रह १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. त्यांनी छापलेला कागद मुळाशी ताडायचा, तर साताऱ्याच्या अभ्यासकाला पुण्याचा रस्ता धरावा लागतो.

१९६० नंतर राज्य शासन आश्रयदाते झाले आणि मराठी विश्वकोशाचे काम वाईत आले. पारिभाषिक शब्दांचा संग्रह १९७३ मध्ये आधी निघाला, पहिला खंड १९७६ मध्ये. हा क्रम योग्यच होता : एकाच संज्ञेला दोन लेखकांनी दोन मराठी शब्द वापरले, तर अकारविल्हे रचलेल्या कोशात नोंद कोणत्या अक्षराखाली शोधावी, हेच वाचकाला कळत नाही.