सीरममधला रेणू आणि गायीच्या पोटातला पहिला आठवडा

चेहऱ्याला लावायच्या सीरमची जाहिरात परवा पुन्हा समोर आली. 'हायलुरोनिक ॲसिड वजनाच्या हजारपट पाणी धरतं' म्हणे. हा आकडा फुगवलेला आहे. या रेणूची खरी करामत बघायची तर गाय माजावर आल्यानंतरचे सात-आठ दिवस बघावेत.

त्याचं गायीशी नातं जुनं आहे. १९३४ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी तो वेगळा केला, तोच गायीच्या डोळ्यातल्या पारदर्शक गरातून. ग्रीक 'हायलॉस' म्हणजे काच, म्हणून हे नाव. दोन शर्करा एकाआड एक ओवलेली हजारो मण्यांची माळ, एवढीच त्याची रचना.

बीजांड सुटायच्या सुमारास त्याला चिकटून बसलेल्या क्युम्युलस पेशी एचएएस-२ या एन्झाइमने ही माळ विणू लागतात. माळ पाणी ओढते आणि पेशी एकमेकींपासून सुटत जातात. सूक्ष्मदर्शकाखाली ते अगदी भिजवलेल्या सब्जासारखं दिसतं: मध्ये बीजांड, भोवती फुललेली जेली.

फलन झालं की भ्रूण बीजवाहिनीतून सरकतो. आठ ते सोळा पेशींचा झाल्यावर त्याची स्वतःची जनुकं जोमाने कामाला लागतात, चौथ्या-पाचव्या दिवशी तो गर्भाशयात उतरतो आणि सातव्या दिवशी पोकळ चेंडू, म्हणजे ब्लास्टोसिस्ट होतो. या वाटेवर माळ किती लांब आहे, याला फार महत्त्व आहे. हायल-२ नावाचं एन्झाइम लांब माळेचे साधारण २० किलोडाल्टनचे (हे रेणूचं वजन मोजायचं एकक) तुकडे करतं. ते तुकडे पेशीवरच्या सीडी-४४ या ग्राहीला चिकटतात, आत निरोप पोचवणाऱ्या ईआरके प्रथिनांना फॉस्फेट जोडले जातात आणि विभाजनाला चालना मिळते. शर्करा त्याच, पण लांबी बदलली की निरोप बदलतो. मला या रेणूचं सगळ्यात मोठं कौतुक याचंच वाटतं.

गाय उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली, की 'नजर लागली' म्हणून लिंबू उतरवणारे आजही भेटतात. फलन होऊनही कितीतरी भ्रूण पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच मरतात. तिथे उतारा काय करणार? पशुवैद्यकाला बोलवा.

प्रयोगशाळेतल्या भ्रूणांत चरबी जास्त, त्यामुळे ते गोठवणं अवघड. वाढीच्या द्रवात हायलुरोनिक ॲसिड घातल्यावर गोठवलेले भ्रूण अधिक तगतात, असं प्रयोगांत दिसलं आहे. उणे १९६ अंशांवरून बाहेर काढलेला भ्रूण आधी आकसलेला असतो. तो जिवंत असेल, तर काही तासांत त्याची पोकळी पुन्हा भरू लागते.