४० यार्डांच्या धावेवर किती विसंबायचं?
'४० यार्ड सर्वांत वेगाने धावेल तोच रिसीव्हर (चेंडू झेलणारा खेळाडू) एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये चमकेल' हा समज फार जुना, आणि चुकीचा. २०१७च्या कम्बाइनमध्ये (नव्या खेळाडूंच्या चाचणीत) जॉन रॉसने ४.२२ सेकंदांचा तेव्हाचा विक्रम केला, ड्राफ्टमध्ये (संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेत) नववा निवडला गेला. पहिल्या हंगामात मात्र एकही झेल नाही. त्याच वर्षी ४.६२ सेकंद घेणारा कूपर कप ६९वा गेला आणि २०२१ मध्ये झेल, यार्ड, टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या पट्ट्यात नेणं) तिन्हींत अव्वल ठरला.

ही धाव सरळ रेषेत, संरक्षक पॅडविना, समोर बचावपटू नसताना होते. म्हणून सामन्यांची चित्रफीत बघावी: कॉर्नरबॅक (रिसीव्हरला रोखणारा बचावपटू) अंगावर आला की पहिल्या दोन पावलांत सुटका होते का? वळताना वेग किती पडतो? चेंडू हातांनी पकडतो की छातीवर घेतो? लाइनमनचे (समोरासमोर भिडणाऱ्या पुढच्या फळीतल्या खेळाडूचे) तर पहिले १० यार्डच बघा. ४० यार्ड मोकळं धावायची वेळ त्याच्यावर क्वचितच येते.