हॅकिंग

हॅकिंग म्हणजे एखादी सिस्टीम, मग ती कॉम्प्युटरची असो, टेलिफोनची असो की नुसती नियमांची, आतून नीट समजून घेऊन तिच्याकडून तिच्या बनवणाऱ्याच्या डोक्यातही नव्हतं असं काम करून घेणं. आपल्याकडे पेपरात आणि बोलण्यात हा शब्द जवळपास एकाच अर्थाने येतो, कोणीतरी न विचारता दुसऱ्याच्या खात्यात, मोबाईलमध्ये नाहीतर सर्व्हरमध्ये घुसलं. तो अर्थ आता पक्का रुळलाय, पण त्याच्या आधीचे आणि आजूबाजूचे बरेच वापर अजून चालू आहेत आणि त्यातल्या काहींचा कॉम्प्युटरशी काडीचाही संबंध नाही.

कॉम्प्युटरच्या आधी

इंग्रजीत हॅक म्हणजे मुळात कोयत्या-कुऱ्हाडीने सपासप तोडणं. तिथून तो खेळाच्या मैदानात आला. १८६३ साली लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशन उभी राहत होती तेव्हा समोरच्याच्या नडगीवर सरळ लाथ घालण्याला हॅकिंग म्हणायचे, आणि ते नियमात ठेवायचं की काढायचं यावरून बैठकांमध्ये चांगलीच जुंपली. ब्लॅकहीथ क्लबच्या कॅम्पबेल यांचं म्हणणं असं की लाथा काढल्या तर खेळातली हिंमतच जाईल आणि मग मी आठवडाभर सराव केलेले फ्रेंच लोक आणून तुम्हाला हरवून दाखवतो. बहुमत विरोधात गेलं, ब्लॅकहीथ बाहेर पडला, आणि पुढे १८७१ मध्ये याच क्लबने इतरांबरोबर मिळून रग्बी फुटबॉल युनियन काढली तर तिनेही हॅकिंगवर बंदीच घातली! बास्केटबॉलमध्ये मात्र हा अर्थ अजून टिकून आहे, शकील ओनील या खेळाडूचे फ्री थ्रो, म्हणजे फाऊल झाल्यावर मिळणारे मोकळे फेक, कच्चे म्हणून समोरचे संघ मुद्दाम त्यालाच फाऊल करायचे, त्या डावपेचाला 'हॅक-अ-शॅक' म्हणतात.

घोड्यांच्या जगात हॅक म्हणजे भाड्याने मिळणारा साधा घोडा, त्यावरून निवांत रपेट मारणं ते हॅकिंग. लंडनच्या काळ्या टॅक्सीचं कायद्यातलं नाव अजून हॅकनी कॅरेजच आहे, आणि पैशासाठी पाट्या टाकणाऱ्या लेखकाला हॅक म्हणतात तेही याच भाड्याच्या घोड्यावरून.

शिकारी पक्षी पाळणाऱ्यांचा अर्थ मला यातला सगळ्यात आवडता. ससाण्याची पिल्लं उंचावरच्या पेटीत ठेवायची, ती उडायला लागली तरी रोज तिथंच खायला ठेवायचं, आणि स्वतः शिकार जमेपर्यंत मोकळं भटकू द्यायचं, याला हॅकिंग म्हणतात. डीडीटी या कीटकनाशकामुळे अंड्यांची कवचं पातळ होऊन अमेरिकेतला बहिरी ससाणा संपत आला होता, तेव्हा १९७० च्या दशकात पिंजऱ्यात जन्मलेली पिल्लं याच जुन्या पद्धतीने रानात सोडली गेली. १९९९ मध्ये तो पक्षी तिथल्या संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीतून बाहेर आला.

एमआयटी आणि रेल्वेचा क्लब

आजचा अर्थ ज्या घरातून निघाला ते घर म्हणजे अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञानाच्या विद्यापीठातला टेक मॉडेल रेलरोड क्लब. खेळण्यातल्या रेल्वेचा क्लब, पण त्यातली सिग्नल आणि वीज बघणारी पोरं टेलिफोन कंपनीचे जुने रिले, म्हणजे विजेने उघडझाप करणारे स्विच, वापरून टेबलाखाली भलं मोठं वायरिंगचं जाळं विणत बसायची. क्लबच्या १९५५ च्या इतिवृत्तात एक सूचना आहे, विजेच्या यंत्रणेवर काम किंवा हॅकिंग करणाऱ्याने मेन बंद करावा म्हणजे फ्यूज उडणार नाही. म्हणजे तेव्हाही तो रोजच्या बोलण्यातला शब्द होता. मग हीच मंडळी टीएक्स-० आणि १९६१ मध्ये आलेल्या पीडीपी-१ या कॉम्प्युटरवर रात्री-अपरात्री जाऊन बसायला लागली, कारण दिवसा मशीन मोकळं मिळायचं नाही, आणि १९६२ मध्ये स्टीव्ह रसेल आणि मित्रांनी त्यावर स्पेसवॉर हा गेम बनवला. कोणी सांगितलं नव्हतं, पैसे मिळणार नव्हते, लाखाच्या वर डॉलर किमतीच्या मशीनवर दोन यानं एकमेकांवर गोळ्या झाडतात. याला म्हणायचं हॅक.

एमआयटीत हॅकचा अजून एक अर्थ आहे, तो म्हणजे डोकं लावून केलेला खोडसाळपणा. १९५८ मध्ये ऑलिव्हर स्मूट नावाच्या विद्यार्थ्याला मित्रांनी हार्वर्ड पुलावर आडवा पाडून पाडून अख्खा पूल त्याच्या उंचीत मोजला, ३६४.४ स्मूट अधिक-उणे एक कान, त्या खुणा आजही रंगवल्या जातात, आणि गंमत म्हणजे हाच माणूस पुढे मोजमापं आणि मानकं ठरवणाऱ्या आयएसओ संघटनेचा अध्यक्ष झाला. १९९४ मध्ये मुख्य घुमटावर पोलिसांची गाडी उभी दिसली, म्हणजे गाडीचं बाहेरचं कवच, आत बाहुला आणि डोनटचा खोका, काचेवर पार्किंगचा दंड. अशा हॅकचा अलिखित नियम असा की काही मोडायचं नाही आणि कोणाला इजा होऊ द्यायची नाही.

इथून एक गोड गोष्ट सांगितली जाते की हॅकर आधी सगळे सज्जन होते, मीडियाने त्यांना बदनाम केलं, घुसखोरांना खरं म्हणजे क्रॅकर म्हणायला हवं. मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ उभारणारे रिचर्ड स्टॉलमन आणि त्यांच्या पिढीचे लोक हे तळमळीने सांगतात, त्यात तथ्य आहे पण ते जरा जास्तच धुतलेलं आहे. कारण नोव्हेंबर १९६३ मध्येच एमआयटीच्या विद्यार्थ्यांच्या पेपरात बातमी आहे की टेलिफोन हॅकर्सनी हार्वर्डकडच्या सगळ्या लाइन अडवून ठेवल्या आणि लांबचे कॉल दुसऱ्याच्या बिलावर टाकले. कौतुक आणि वैताग दोन्ही पहिल्यापासून बरोबरच आहेत.

शिट्टीपासून एसक्यूएलपर्यंत

हॅकिंग चालतं कसं हे समजायला टेलिफोनचं उदाहरण सगळ्यात सोपं पडतं. अमेरिकेत तेव्हा लांब पल्ल्याच्या लाइनवर माणसांचं बोलणं आणि एक्स्चेंजचे हुकूम एकाच तारेतून जायचे. आधी एखादा फुकट नंबर फिरवायचा, मग २६०० हर्ट्झचा सूर वाजला की पलीकडच्या एक्स्चेंजला वाटायचं लाइन मोकळी झाली, इकडे बिल लावणाऱ्या एक्स्चेंजला मात्र वाटायचं की सुरुवातीचा फुकट नंबरचा कॉल चालूच आहे, आणि मधल्या काळात ठरावीक सूर वाजवून जगात कुठेही फोन लावता यायचा. जन्मापासून अंध असलेला जो एंग्रेसिया हा सूर तोंडाने काढायचा. कॅप्टन क्रंच नावाच्या नाश्त्याच्या डब्यात फुकट मिळणारी शिट्टी बरोबर हाच सूर द्यायची, त्यावरून जॉन ड्रेपरला तेच टोपणनाव पडलं. स्टीव्ह वॉझनियाकने सूर काढणारा ब्लू बॉक्स बनवला, स्टीव्ह जॉब्जने तो विकला, अ‍ॅपल कंपनी अजून निघायची होती, आणि वॉझनियाकने त्यावरून अमेरिकी मुत्सद्दी हेन्री किसिंजर असल्याचं सोंग करून व्हॅटिकनला फोन लावला होता.

पुढे हुकूम वेगळ्या वाहिनीतून जायला लागले आणि शिट्टी निकामी झाली, पण मूळ चूक काही गेली नाही, ती फक्त जागा बदलत राहिली. वेबसाइटच्या नावाच्या चौकटीत नावाऐवजी डेटाबेसचा हुकूम टाइप केला आणि प्रोग्रामने तो न तपासता पुढे पाठवला तर डेटाबेस तो इमानदारीत पाळतो, हे एसक्यूएल इंजेक्शन, एसक्यूएल म्हणजे डेटाबेसला हुकूम द्यायची भाषा. चेकवर रकमेच्या आधी मोकळी जागा सोडली की कोणीतरी तिथे आकडा वाढवणारच, तसलाच प्रकार. आताच्या एआय चॅटबॉटला वाचायला दिलेल्या मजकुरातच कोणी गुपचूप सूचना लिहून ठेवली आणि चॅटबॉटने ती मालकाची आज्ञा समजून पाळली तर तेही तेच. माहिती कुठली आणि हुकूम कुठला हे मशीनला ओळखू येत नाही, निम्म्या हॅकिंगचं मूळ इथंच आहे असं म्हटलं तरी चालेल.

उरलेलं बरंचसं माणसांच्या आळसातून येतं. १९८३ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकीची शाळकरी-कॉलेजवयीन पोरं लॉस अलामॉसच्या अणुसंशोधन प्रयोगशाळेच्या कॉम्प्युटरपर्यंत पोचली ती मुख्यतः मशीन बनवणाऱ्या कंपनीने दिलेला पासवर्ड कोणी बदललाच नव्हता म्हणून. त्या गाजावाजानंतर १९८६ मध्ये अमेरिकेत कॉम्प्युटर घुसखोरीविरुद्ध कडक कायदा आला, आणि १९८८ मध्ये स्वतःच्या प्रती काढत हजारो मशीन बसवून टाकणारा वर्म सोडल्याबद्दल त्या कायद्याखाली दोषी ठरलेला रॉबर्ट मॉरिस नंतर एमआयटीतच प्राध्यापक झाला.

टोप्या आणि परवानगी

काळ्या टोपीचा हॅकर नुकसान करणारा, पांढऱ्या टोपीचा मालकाने सांगून भोकं शोधणारा, करडा मधला म्हणजे न विचारता घुसतो पण मग येऊन सांगतो. हे टोपीप्रकरण जुन्या काउबॉय सिनेमांवरून आलंय. तिघांची टूल्स तीच, ज्ञान तेच, फरक फक्त कोणाची परवानगी होती एवढाच. १९९५ मध्ये नेटस्केपने ब्राउझरमधल्या चुका शोधणाऱ्यांना बक्षीस जाहीर केलं, तिथून बग बाउंटीची प्रथा पडली आणि आज भारतातली कितीतरी पोरं त्यावर चांगली कमाई करतात.

भारतात आणि महाराष्ट्रात

पोखरणच्या मे १९९८ च्या चाचण्यांनंतर महिन्याभरातच मिलवर्म नावाच्या किशोरवयीन पोरांच्या टोळीने, वेगवेगळ्या देशांत बसून, मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या सर्व्हरमध्ये शिरून ईमेल उचलले आणि वेबपेजवर निषेधाचा मजकूर टाकला. आपला आयटी कायदा आला २००० मध्ये. त्याच्या कलम ६६ चं नावच हॅकिंग होतं, पण व्याख्या बघितली तर माहिती पुसणं, बदलणं किंवा तिची किंमत कमी करणं यावर भर, नुसतं आत जाऊन बघून आला तर तो त्यात बसतो का यावर वकिलांनी वाद घालावा. २००८ च्या दुरुस्तीने, जी २००९ मध्ये लागू झाली, कलमातून हा शब्दच काढला. आता तिथे कॉम्प्युटरसंबंधी गुन्हे असं आहे आणि मालकाच्या परवानगीशिवाय केलेल्या गोष्टींची कलम ४३ मधली यादी जोडलेली आहे, अप्रामाणिक हेतू असेल तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं प्रकरण हे खऱ्याखुऱ्या हॅकिंगचं आपल्याकडचं एक मोठं उदाहरण. ऑगस्ट २०१८ मध्ये ११ तारखेला काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे काढले गेले आणि १३ तारखेला स्विफ्ट या बँकांमधल्या आंतरराष्ट्रीय संदेशयंत्रणेवरून अजून जवळपास १४ कोटी हाँगकाँगला गेले, एकूण ९४ कोटी. एटीएममधून आलेली विचारणा बँकेच्या मुख्य सिस्टीमपर्यंत पोचूच द्यायची नाही, मध्येच मालवेअरने, म्हणजे घातक प्रोग्रामने, विचारणा पुढे पोचवणाऱ्या स्विचची खोटी नक्कल उभी करून सगळ्याला होकार द्यायचा, अशी ती रचना होती. भारतातही कोल्हापूरसह अनेक ठिकाणी पैसे काढले गेले, ते काढणारे सापडले, २०२३ मध्ये पुण्याच्या कोर्टाने ११ जणांना शिक्षा सुनावली. डोकं चालवणारे कोण होते तर संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०१९ च्या अहवालात बोट उत्तर कोरियाकडे दाखवलं.

निवडणूक आली की ईव्हीएम हॅक हा शब्दप्रयोग येतोच. मशीन इंटरनेटला जोडलेलं नसतं त्यामुळे घरी बसून कोणी त्यात शिरेल हे चित्र चुकीचं, पण मशीन प्रत्यक्ष हातात पडलं तर काय करता येईल हा प्रश्न निराळा आहे. २०१० मध्ये संशोधक हरी प्रसाद, अ‍ॅलेक्स हाल्डरमन आणि सहकाऱ्यांनी एका मशीनचा डिस्प्ले बदलून ब्लूटूथने आकडे फिरवता येतात हे दाखवलं. ते मशीन मुंबईतल्या सरकारी गोदामातून गेलेलं होतं, म्हणून हरी प्रसादना अटक झाली ती चोरीच्या आरोपाखाली. निवडणूक आयोगाचं म्हणणं कायम असं राहिलंय की सील, पहारा आणि तपासणी असताना हे शक्य नाही, आणि आता सोबत व्हीव्हीपॅटची चिठ्ठीही असते.

रोजच्या बोलण्यात मात्र आपण काय म्हणतो, 'माझं फेसबुक हॅक झालंय, कोणी पैसे मागितले तर देऊ नका'. दहातल्या नऊ वेळा काहीच हॅक झालेलं नसतं, कोणीतरी फोटो उचलून त्याच नावाचं दुसरं खातं काढलेलं असतं, आणि पासवर्ड बदलून काही उपयोग नसतो, ते खोटं खातं रिपोर्ट करावं लागतं. ओटीपी स्वतः सांगितला तर तीही फसवणूकच, ओळखचोरी आणि तोतयेगिरीसाठी कायद्यात ६६क आणि ६६ड अशी वेगळी कलमं आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका म्हणून एपीके, म्हणजे अँड्रॉइड फोनवर अ‍ॅप बसवणारी, फाइल येते आणि ती इन्स्टॉल केली की मेसेज वाचले जातात, ते मात्र हॅकिंगच्या बरंच जवळ जातं. पैसे गेले असतील तर व्याख्या करत न बसता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावावा, जितक्या लवकर तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त.

बाकीचे वापर

लाइफ हॅक हा शब्द २००४ मध्ये डॅनी ओब्रायन या पत्रकाराने वापरात आणला, तेव्हा तो प्रोग्रामर लोक स्वतःची कामं उरकायला कुठल्या छोट्या स्क्रिप्ट वापरतात याबद्दल होता, आता लिंबू जास्त रस द्यावं म्हणून काय करावं इथपर्यंत घसरलाय. आपल्याकडे त्याला जुगाड म्हणतात, फक्त जुगाड गरजेपोटी होतो आणि लाइफ हॅक बहुतेकदा रीलसाठी. ग्रोथ हॅकिंग म्हणजे स्टार्टअपवाल्यांचं स्वस्तातलं मार्केटिंग. हॅकेथॉन, म्हणजे एकत्र जमून सलग प्रोग्रामिंग करायचा मेळावा, हा शब्द १९९९ पासूनचा, ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रोग्रामरनी कॅनडातल्या कॅल्गरीत जमून काम केलं तेव्हाचा, आणि २०१७ पासून सरकारच भरवत असलेल्या स्मार्ट इंडिया हॅकेथॉनमुळे तो महाराष्ट्रातल्या बहुतेक इंजिनिअरिंग कॉलेजांत पोचलाय. मंत्रालयं प्रश्न देतात, सहा जणांची टीम ३६ तास बसते, कोणी कशात घुसत नाही, आणि बायोडेटात एक ओळ वाढते.