खाणंपिणं, राहणीमान आणि कॅन्सर (गोव्याच्या संदर्भात)

आपण काय खातो, काय पितो, किती चालतो-फिरतो, तोंडात काय ठेवतो यावर कॅन्सरची शक्यता कमी-जास्त होत असते, त्या सगळ्याला मिळून राहणीमानाचा धोका म्हणतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते की 30 ते 50 टक्के कॅन्सर टाळता येण्यासारखे आहेत. बाकीच्यात वय, अनुवंश आणि निव्वळ नशीब असतं, म्हणून आजारी माणसाला "तू काय खाल्लंस?" असं विचारू नये, त्याला आधीच पुष्कळ सोसायचं असतं.

गोव्यात हा विषय निघाला की लोक आधी मासळी टिकवायला वापरलेल्या फॉर्मेलिनबद्दल, म्हणजे पाण्यात विरघळवलेल्या फॉर्मल्डिहाइडबद्दल, बोलतात. जुलै 2018 मध्ये मडगावच्या घाऊक मासळी बाजारात तपासणी झाली, बाहेरची मासळी काही दिवस बंद झाली, कित्येक घरांत हुमण, म्हणजे माशाचं कालवणही बंद. फॉर्मल्डिहाइड कॅन्सरकारक आहे हे खरं, पण तो पुरावा मुख्यतः वर्षानुवर्षं श्वासातून आत जाण्याचा आहे. मासळीची तपासणी हवीच. फक्त भीतीचा क्रम चुकतो असं मला मनापासून वाटतं, कारण तंबाखू, दारू आणि वाढतं वजन हे तीन धोके ह्याच्या कितीतरी पुढे आहेत.

तंबाखूच्या बाबतीत गोव्याने खरंच चांगलं काम केलंय. पूर्वी खेड्यांत बायका धुमटी ओढायच्या, म्हणजे पानात गुंडाळलेली तंबाखू, आणि कित्येकजणी पेटतं टोक तोंडात धरून, त्याने टाळूवर जे चट्टे यायचे त्यांचा अभ्यास 1970 च्या दशकात गावोगावी फिरून झाला. सार्वजनिक जागी ओढणं-थुंकणं रोखणारा कायदा 1997 चा, गुटखाबंदी 2005 ची. 2016-17 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात देशात 28.6 टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते, गोव्यात 9.7, सगळ्यात कमी. सुपारी मात्र राहिलीच. कुळागरातली (घराजवळच्या बागायतीतली) पोफळ हे घरचं उत्पन्न, पूजेतही सुपारी लागतेच, पण रोज चघळली तर तंबाखूशिवायही ती तोंडाचा कॅन्सर करते, आणि आधी तोंड उघडणंच कमी होत जातं.

दारूबद्दल मात्र आपल्याकडे बोलायला लोक कचरतात. शरीरात अल्कोहोलचं अॅसिटाल्डिहाइड होतं, ते डीएनए बिघडवतं, आणि तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं आणि स्तन इथल्या कॅन्सरशी त्याचा संबंध पक्का झालाय. फेणी काजूची, घरची, सर्दीवर औषध म्हणून घेतात, पण उर्राक (काजूचीच हलकी दारू) असो, बिअर असो की वाइन, आतलं अल्कोहोल एकच. सोबत सिगरेट असेल तर तोंड-घशाचा धोका नुसता वाढत नाही, गुणाकाराने वाढतो. गोव्यातले एक तृतीयांशाहून जास्त पुरुष दारू पितात असं 2019-21 च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आलंय.

त्याच सर्वेक्षणात एक तृतीयांशाहून जास्त बायकांचं वजन जास्त निघालं. जादा चरबीचा संबंध 13 प्रकारच्या कॅन्सरशी आहे, पाळी थांबल्यावर चरबीतूनच इस्ट्रोजेन तयार होत राहतं आणि स्तन, गर्भाशयाच्या अस्तराचा धोका वाढतो. दोष शीत-कडीला, म्हणजे भात-कालवणाला देऊ नका, शेतात राबणारी माणसं तेच जेवायची, आता नाक्यावर जायलाही स्कूटर लागते.

चोरीस, म्हणजे गोव्याचं डुकराच्या मांसाचं सॉसेज, हे प्रक्रिया केलेलं मांस, आणि असं मांस जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेच्या यादीत 2015 पासून तंबाखूच्याच गटात आहे. गट सारखा म्हणजे धोका सारखा नव्हे, गट फक्त पुरावा किती पक्का ते सांगतो. रोज 50 ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका साधारण 18 टक्के वाढतो, मूळ धोक्याच्या तुलनेत. फेस्ताला (चर्चच्या सणाला) खाल्लेला चोरीस-पाव आणि रोजचा नाश्ता यात फरक आहे. उलट अळसांदे (चवळीसारखं कडधान्य), तांबडी भाजी, खरी कोंड्याची पोई (गोव्याचा पाव) यातला चोथा त्याच आतड्याला राखतो. पावसाळ्यात बुरशी लागलेले शेंगदाणे मात्र टाकूनच द्या, त्यातलं अफ्लाटॉक्सिन यकृताला घातक असतं.

हनुमानफळाच्या पानांच्या काढ्याने कॅन्सर बरा होतो असं काहीजण सांगतात, पण ते माणसांवर सिद्ध झालेलं नाही. तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही, किंवा पांढरा-लाल चट्टा दिसला, तर काढ्यात दिवस न घालवता सरळ बांबोळीला, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या सरकारी इस्पितळात, नाहीतर जवळच्या डेंटिस्टला दाखवा.