आंत्र-नालव्रण (आतड्याचा फिस्टुला)

आतड्याची पोकळी आणि त्वचा, किंवा आतडे आणि शेजारचा अवयव, यांच्यात पडलेली अनैसर्गिक वाट म्हणजे आंत्र-नालव्रण. दवाखान्यात सगळे त्याला फिस्टुलाच म्हणतात. सरसकट 'भगंदर' म्हणू नये. भगंदर गुदद्वाराजवळचा, आणि त्याचे उपचारही निराळे.

सुश्रुतसंहितेत नाडीव्रणाचे, म्हणजे नळीसारख्या खोल जखमेचे, वर्णन आहे, तसेच फाटलेल्या आतड्याच्या कडा मुंगळ्यांच्या चाव्याने जोडण्याची कृतीही. १८२२ मध्ये अलेक्सिस सेंट मार्टिन याला गोळी लागून जठराला पडलेले भोक कायमचे राहिले. त्याचे डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी त्यातूनच पचनक्रिया अभ्यासली. पुढे पोटाच्या शस्त्रक्रिया वाढल्या, तसे शस्त्रक्रियेनंतरचे फिस्टुले वाढले. आज बहुसंख्य फिस्टुले याच प्रकारचे असतात. उरलेल्यांमागे क्षयरोग, क्रोन्स आजार (आतड्याचा दीर्घकाळचा दाह), कर्करोग, किरणोपचार अशी कारणे. १९६० मध्ये एडमंड्स व सहकाऱ्यांनी १५७ रुग्णांचा आढावा घेतला, तेव्हा मृत्यूचे प्रमाण ४३ टक्के होते. क्षारपाण्याचा तोल बिघडणे, कुपोषण आणि जंतुसंसर्ग ही माणूस दगावण्याची तीन कारणे त्यातूनच ठळक झाली. १९६८ च्या सुमारास शल्यचिकित्सक स्टॅनली डड्रिक यांनी शिरेवाटे संपूर्ण पोषण देता येते हे दाखवले आणि आतडे भरून येईपर्यंत रुग्णाला तगवणे शक्य झाले.

वर्गीकरण तीन अंगांनी होते. जागेवरून: त्वचेवर उघडणारा तो बाह्य, दोन अवयवांत उघडणारा तो आंतरिक. पोट उघडेच असताना जखमेच्या तळाशी आतडे फुटले, तर तो सर्वांत अवघड प्रकार, कारण भोकाभोवती पिशवी चिकटवायला त्वचाच नसते. कारणावरून: शस्त्रक्रियोत्तर किंवा आपोआप झालेला. तिसरे अंग स्रावाचे, आणि खाटेजवळ खरे उपयोगी तेच. २४ तासांत २०० मिलिलिटरपेक्षा कमी स्राव म्हणजे मंद, ५०० पेक्षा जास्त म्हणजे तीव्र, मधला मध्यम.

सोलापुरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेल्या रुग्णालयात, म्हणजे लोकांच्या 'सिव्हिल'मध्ये, जिल्ह्याबरोबर शेजारच्या धाराशिवकडचे आणि कर्नाटकातलेही रुग्ण येतात. विचारपूस मराठीत सुरू होते आणि कन्नड-तेलुगूत पुरी होते. फिस्टुल्याची पहिली खूण बहुधा नातेवाइकाच्याच नजरेला पडते: शस्त्रक्रियेनंतर आठवडाभराने पट्टीवर हिरवट-पिवळा डाग, आणि "जखमेतून खाल्लेलं येतंय" हे घाबरलेले वाक्य. लहान आतड्याचा रस त्वचा अक्षरशः पचवतो. दोन-तीन दिवसांत भोकाभोवतीची कातडी लालभडक सोलवटते, म्हणून झिंक ऑक्साइडचा जाड थर आणि नेमक्या मापाचे भोक कापलेली पिशवी औषधाइतकीच मोलाची. मे महिन्यात घामाने ही पिशवी सुटते; त्यात स्राव आणि घाम असे दुहेरी पाणी जाते, म्हणून मोजमापाची वही रोज भरावीच लागते.

साचलेला पू काढून पोषण नीट मिळाले, तर अनेक फिस्टुले चार ते सहा आठवड्यांत आपोआप मिटतात. फिस्टुल्याच्या पुढच्या भागात आतडे अडलेले असेल, मार्गाला आतून अस्तर आले असेल, किंवा कर्करोग, क्षयरोग अथवा विसरलेली परकी वस्तू तिथे असेल, तर मिटत नाहीत. तेव्हा शस्त्रक्रिया लागते, पण घाईने नव्हे: आतली चिकटण मऊ व्हायला निदान तीन महिने थांबतात. पहिल्या काही आठवड्यांत पोट पुन्हा उघडले, तर चिकटलेली आतडी सोडवताना नवे भोक पडण्याचा धोका मोठा असतो.