पाव म्हणजे नेमका कुठला पाव?

आमच्या फॅमिली ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक फॉरवर्ड फिरून येतो, की पावाला पाव का म्हणतात माहितेय का, कारण तो पायाने मळतात, हिंदीत पाँव म्हणजे पाय ना म्हणून. खाली दोन ओकारीचे इमोजी. गंमत म्हणजे हा फॉरवर्ड टाकणारी मंडळी गोव्यात फोंड्यातच राहतात आणि सकाळी साडेसहाला पदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा पों पों ऐकला की पिशवी घेऊन तीच सगळ्यात आधी गेटवर धावतात. शेवटी एकदा बसून त्यांना सगळं लिहून पाठवायचं ठरवलं. लिहायला घेतलं तर एवढ्याशा दोन अक्षरांमागे इतकं काय काय निघालं की तेच इथे मांडतोय.

सुरुवात खायच्या पावापासून. तो पोर्तुगीजांचा, यात वाद नाही. लॅटिनमधे पानिस म्हणजे ब्रेड, त्याचं पोर्तुगीजमधे जे झालं ते आपल्याला कानाला साधारण "पांव" असं ऐकू येतं, शेवट पूर्ण नाकातून. 1510 मधे पोर्तुगीजांच्या आल्बुकर्कने गोवा घेतल्यावर शब्द आणि पदार्थ दोन्ही इथे उतरले. जेझुइट पाद्र्यांनी दक्षिण गोव्यातल्या साष्टी तालुक्यातल्या लोकांना भट्टी लावायला शिकवलं असं सांगतात, त्यात तिथल्या माजोर्डा गावाचं नाव हमखास येतं, आणि पीठ फुगवायला माडाची सूर, म्हणजे ताडी, घालायचे. पदेर हा शब्दसुद्धा त्यांच्याच पादेइरोचा. आमच्याकडची म्हातारी माणसं अजून "पांव" असंच नाकातून म्हणतात, मराठीत येताना मात्र ते नाक गळलं आणि नुसता पाव उरला.

हे एकट्या पावाचं झालं असतं तर योगायोग म्हटला असता, पण तसं नाहीये. पोर्तुगीजांचा लैलांव, म्हणजे बोली लावून विकणं, त्याचा मराठीत झाला लिलाव. तोच शब्द हिंदीत गेला तर नीलाम झाला. म्हणजे त्या नाकातल्या शेवटाचे दोन तुकडे पडतात, मराठीने व धरला, हिंदीने नाकातला म धरला. आता हेच पावाला लावून बघा. पोर्तुगीज 1543 मधे जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोचले, 1549 मधे इथून गोव्यातून निघालेला फ्रान्सिस झेवियर, ज्याचं शव ओल्ड गोव्यात बॉम जेझूस चर्चमधे आहे तोच, कागोशिमाला उतरला, आणि जपानी लोकांनी त्याच शब्दातला न ठेवला. आज टोकियोत ब्रेडला "पान" म्हणतात. श्रीलंकेत सिंहलीतही पान म्हणजे ब्रेड. म्हणजे कोलंबोत जेवण झाल्यावर पान मागितलंत तर समोर काय येईल याची कल्पना असू द्या. त्या पानाचा आपल्या विड्याच्या पानाशी काडीचा संबंध नाही, आपलं पान संस्कृत पर्णाचं.

हे असं शब्दांचं माग काढायचं काम करणारा माणूस आपल्या उत्तर गोव्यातल्या बार्देशातलाच होता, आसगावात 1855 मधे जन्मलेले पाद्री मोन्सेन्योर सेबास्तियांव रुदोल्फ दाल्गाद. आशियातल्या पन्नासेक भाषांत कुठला पोर्तुगीज शब्द कुठे जाऊन बसलाय याचा त्यांचा ग्रंथ 1913 मधे पोर्तुगालमधल्या कोइंब्राहून निघाला. गोव्यात त्यांचं नाव शाळेत कुणी घेत नाही हे मला नेहमी खटकतं, पण असो.

आता दुसरा पाव, पाव किलोवाला. हा आपला घरचा, पार संस्कृत पादापासून आलेला. पाद म्हणजे पाय, आणि गाईला चार पाय, म्हणून एक पाय म्हणजे एक चतुर्थांश, इतका साधा हिशोब. पादाचा प्राकृतात द गळला आणि पाव राहिला. पादाने ऊन, म्हणजे पावाने कमी, ते पाऊण. पादासकट ते सपाद, त्याचा सव्वा. जुन्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी अशी पाढ्यांची अख्खी फौज असायची, माझ्या आजोबांना ती ऐंशीव्या वर्षीही पाठ होती आणि मला साधा तेराचा पाढा येत नाही हे ते चारचौघात सांगायचे. चार आण्यांची ती पावली तीही ह्याच घराण्यातली.

म्हणजे हिंदीतला पाँव आणि आपला पाव किलो हे खरेच सख्खे भाऊ, दोघे पादाची पोरं. फॉरवर्डवाल्यांचं एवढं अर्धं बरोबर आहे. पण खायचा पाव त्या घरातला नाहीच. आणि इथे मला सगळ्यात मजा वाटते ती अशी की पोर्तुगीज भाषेत आपल्या पादाचा खरा नातेवाईक आहे, तो म्हणजे "पे", त्यांच्याकडे पायाला म्हणतात तो. लॅटिनचा पेस, पोर्तुगीजचा पे, इंग्रजीचा फूट, आपला पाद, सगळे एका खापरपणजोबाचे. म्हणजे जो खरा भाऊबंद तो दिसायला वेगळा, आणि जो हुबेहूब दिसतो तो परका. इंग्रजीतला कुत्र्या-मांजराचा "पॉ" बघा, अर्थ पाय, आवाज जवळचा, तरी पादाच्या कुळातला नाही, तो फ्रेंचमधून आलेला. फूट मात्र आहे. कानावर विश्वास ठेवला की असं फसायला होतं.

तिसरा पाव देवाचा. "पाव गे माये शांतादुर्गे" हे आमच्या आजीचं रोजचं. हा संस्कृत प्राप्नोतिपासून, प्राप्त होणे त्यातला. जुन्या मराठीत पावणे म्हणजे पोचणे, मिळणे, मग देव भक्तापर्यंत पोचला की तो पावला. मराठीत आता पावणे बऱ्यापैकी देवापुरतं आणि पावतीपुरतं उरलंय (पोचपावती म्हणजे पोचल्याचं पोचलं, एकच गोष्ट दोनदा), पण कोंकणीत ते अजून रस्त्यावर चालतंय. मडगावच्या बसमधे माणूस फोनवर "हांव पावलों" म्हणतो तेव्हा त्याला कुठला साक्षात्कार झालेला नसतो, तो फक्त स्टँडवर पोचलेला असतो. नवीन बदली होऊन घाटावरून आलेल्यांना हे ऐकून पहिला महिनाभर हसू येतं. त्यात पाहुण्यांना बोलीत पावणे म्हणतात, ते प्राघुणकापासून, म्हणजे चौथंच मूळ. "पावणेआठला पावणे पावले" हे वाक्य लिहा, एका ओळीत तीन वेगळी घराणी.

मग पायाने मळतात ही गोष्ट आली कुठून? काही ठिकाणी मोठ्या परातीत पीठ पायाने तुडवत असतीलही, मी नाही म्हणत नाही, पण नाव त्यावरून पडलेलं नाही. नुसता आवाज सारखा म्हणून गोष्ट जुळवली गेली, आणि ती टिकली कारण ती सोयीची होती. गोव्यात पाव हे नुसतं खाणं कधीच नव्हतं. तिसवाडी, बार्देश, साष्टी या जुन्या काबिजादींत, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या भागांत, धर्मांतराच्या काळातल्या कथा पिढ्यानपिढ्या सांगितल्या गेल्या, विहिरीत पाव टाकला, नकळत ज्यांनी पाणी प्यायलं ते बाटले म्हणून जातीबाहेर गेले वगैरे. फोंडा पोर्तुगीजांकडे गेला तो 1763 मधे, पेडणे तर 1788 ला, त्यामुळे ह्या उशिरा जिंकलेल्या नव्या काबिजादींतल्या हिंदू घरांत पाव शिरायला फार वेळ लागला. आजीची सासू पाव स्वयंपाकघरात येऊ द्यायची नाही, पोरांनी तो बलकांवात, म्हणजे घराच्या पुढच्या ओसरीत, बसून खायचा आणि हात धुऊनच आत यायचं. आता बलकांव हा शब्दही पोर्तुगीजच, त्याच नाकातल्या शेवटाचा. म्हणजे परका शब्द परक्या शब्दात बसून खायचा! हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नसणार.

मुंबईत तर ह्याच पावाने वेगळं काम केलं. 1849 च्या सुमारास तिथे परमहंस सभा निघाली, जातिभेद मोडायचा पण गुपचूप, आणि तिच्यात शिरताना ख्रिस्ती बेकऱ्याने केलेला पाव खाऊन दाखवावा लागायचा. तिच्या मागे मुख्य माणूस कोण तर दादोबा पांडुरंग तर्खडकर, ज्यांनी 1836 मधे मराठीचं व्याकरण लिहिलं ते. व्याकरणकाराने एका शब्दाला इतकं मनावर घेतल्याचं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही.

बंगालात आणि हिंदी पट्ट्यात पावरोटी म्हणतात, म्हणजे ब्रेडब्रेड. पाव शब्दाचा अर्थ कळेना म्हणून मागे रोटी चिकटवली असणार, आणि मोकळा पडलेला पाव मग पायाला जाऊन चिकटला.

पार लांबच्या भाषांत गेलं तर अजून धमाल. मलेशियात पाव म्हणजे आत सारण भरलेला, वाफेवर उकडलेला गोळा, चिनी लोकांनी नेलेला. मूळ चिनी शब्दाचा अर्थ गुंडाळणं. आपला भाजलेला पाव आणि त्यांचा उकडलेला पाव, दोन्ही पिठाचे, दोन्ही पोट भरायचे, आणि नातं शून्य. हवाई बेटांवर पाव म्हणजे संपलं, खलास, आणि "पाव हाना" म्हणजे ऑफिस सुटल्यानंतरची वेळ. बार्सिलोनाकडे कातालान भाषेत पाव म्हणजे शांती, शिवाय पॉल नावाचं तिथलं रूपही तेच. आणि आपल्या शेजारच्या जुन्या कन्नडमधे पावु म्हणजे साप, पुढे कन्नडने प चा ह केला म्हणून आज हावु. एकेकाळी गोव्यावर राज्य केलेल्या कदंबांचे शिलालेख कन्नडमधेही आहेत, तेव्हा हा पावु इथल्या कानांवर पडला असणारच.

असं होतं कारण प, आ आणि शेवटी ओठ गोल करणं हे जवळजवळ सगळ्याच भाषांना जमतं, लहान पोरांनाही लवकर येतं. एवढे छोटे आवाज मोजकेच, भाषा हजारोंनी, मग टक्कर होणारच. लांब शब्द असा जुळला तर संशय घ्यावा, दोन अक्षरांचा जुळला तर सोडून द्यावं.

एक पाव मात्र जपून म्हणायला हवा, तो पोर्तुगीजांचाच दुसरा, नाकाशिवायचा. त्याचा अर्थ काठी, लाकूड. ब्राझीलचं नाव ज्या झाडावरून पडलं ते पाव-ब्राझील त्यातलंच. आमच्या वाड्यावर लिसेवात, म्हणजे पोर्तुगीज हायस्कुलात, शिकलेले एक काका होते, ते सांगायचे की लिस्बनला बेकरीत जाऊन मराठी उच्चारात पाव मागाल तर बाईकडे लाकूड मागितल्यासारखं होईल, आणि ब्राझीलमधे तर मागूच नका. का ते आम्हा पोरांना त्यांनी बारावी झाल्यावर सांगितलं.

तर हे सगळं, शेवटचा किस्सा वगळून, मी काल ग्रुपवर टाकलं. दोन तास निळ्या टिका, कुणी काही बोलेना. मग मावशीचा मेसेज आला: "छान लिहिलंस रे बाबू. पण मळतात पायानेच ना?"