दवाखान्याच्या दारातला बंदोबस्त कोणाचा?

अमेरिकेत गर्भपाताचा हक्क १९७३च्या ‘रो विरुद्ध वेड’ निकालाने मिळाला. गर्भपाताच्या दवाखान्यांवर जाळपोळ आणि बॉम्बहल्ले पुढच्या काही वर्षांत सुरू झाले, पण पोलिसांची खरी पंचाईत केली ती १९८०च्या दशकाअखेरच्या ‘ऑपरेशन रेस्क्यू’ या गर्भपातविरोधी संघटनेने. शेकडो जणांनी दारात ठाण मांडायचं आणि पोलीस उचलायला आले की अंग सैल सोडायचं. एकेकाला गाडीत घालायला तीन-चार शिपाई लागत. काही जण सायकलच्या कुलपांनी स्वतःला जखडूनच घेत. गुन्हा मात्र बेकायदा प्रवेशाचा, किरकोळ. सुटला की माणूस पुन्हा दारात हजर.

१९९१च्या उन्हाळ्यात कॅन्ससमधल्या विचिटात गर्भपात करणारे डॉ. जॉर्ज टिलर यांच्या दवाखान्याला सहा आठवडे वेढा पडला, अडीच हजारांहून अधिक जणांना अटक झाली. स्थानिक पोलिसांना आवरेना (मनापासून आवरत होते का, हा प्रश्न वेगळा), तेव्हा फेडरल, म्हणजे केंद्रीय, न्यायाधीश पॅट्रिक केली यांनी मार्शल (केंद्राचे सशस्त्र अधिकारी) आणवले. त्यावर खुद्द वॉशिंग्टनच्या न्याय खात्यानेच केलींना हा अधिकार नसल्याची बाजू मांडली! जानेवारी १९९३मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ठरवलं की, कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णद्वेष्ट्या टोळीला आवरण्यासाठी केलेला १८७१चा कायदा अशा अडवणुकीला लागू होत नाही.

दोनच महिन्यांत फ्लोरिडातल्या पेन्साकोलात गर्भपात करणारे डॉ. डेव्हिड गन यांचा गोळ्या घालून खून झाला. मग कुठे काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, हलली. मे १९९४मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी दवाखान्यांची वाट मोकळी ठेवणाऱ्या ‘फेस’ कायद्यावर सही केली आणि दार अडवणं, धमकावणं हा केंद्रीय गुन्हा ठरला. पण जुलैतच पेन्साकोलातच गर्भपात करणारे डॉ. जॉन ब्रिटन आणि त्यांना सोबत करणारे स्वयंसेवक जेम्स बॅरेट मारले गेले. ब्रिटन यांनी बुलेटप्रूफ जाकीट घातलं होतं. गोळी डोक्यात लागली. मारेकरी पॉल हिलने गन यांच्या खुनाचं समर्थन आधीच टीव्हीवर उघडपणे केलं होतं. नुसत्या बोलण्यावरून त्याला उचलायला कायद्यात जागा नव्हती. यानंतर अनेक दवाखान्यांवर मार्शल उभे राहिले. १९९८मध्ये अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या दवाखान्यातल्या बॉम्बस्फोटात तर पहाऱ्यावरचा पोलीसच गेला. टिलर यांचा खून २००९मध्ये झाला, तोही चर्चमध्ये.

‘रो’ निकाल २०२२मध्ये रद्द झाला, ‘फेस’ मात्र कायम राहिला. जानेवारी २०२५मध्ये ट्रम्प यांनी त्याखाली दोषी ठरलेल्या २३ जणांना माफी दिली, आणि मृत्यू किंवा गंभीर इजेसारखं काही असल्याशिवाय असे खटले भरायचे नाहीत, असं न्याय खात्याने आपल्या वकिलांना कळवलं. साधी अडवणूक त्यामुळे पुन्हा गावच्या पोलिसांच्या गळ्यात आली आहे.